मामा गेले

स्वतःला वाहिलेली श्रद्धांजली वाचताना मामा उकडलेल्या शेंगा खात होता.

“‘अत्यंत मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व,’” त्याने मोठ्याने वाचलं आणि टरफल ताटलीत टाकलं. “हा गडहिंग्लजचा घोरपडे ना? मी याला आयुष्यात एकदाच भेटलोय. आणि तेव्हा याची कॅरमच्या पावडरची डबी चोरली म्हणून यानं माझी गचांडी धरली होती.”

“चोरली होतीस?”

“उसनी घेतली होती. पुढं सरकव.”

“मामा, मी लिहून टाकतो की गैरसमज झालाय.”

“लिहिशील रे. पळून चाललाय का गैरसमज? अक्षरं मोठी कर जरा.”

मी अक्षरं मोठी केली. मोठ्या अक्षरांत मामा आणखीच मेल्यासारखा वाटायला लागला.

त्या वर्षी मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पुन्हा बसलो होतो आणि मिरजेला मामाकडे राहत होतो. आईचं म्हणणं, भावाच्या धाकात मी सुधारेन. मामाच्या घरात धाक होता, पण तो मामीचा, आणि मामाही त्यातच राहत होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून पुढच्या खोलीत त्याचा कॅरम मांडलेला असे. खोलीत मग दुसरं काही मावत नसे. पाहुणे आले की बोर्डाच्या चार बाजूंना बसत आणि मधे चहाचे कप ठेवायची कुणाची हिंमत होत नसे.

अभ्यास सोडून काहीही करायची माझी तयारी होती, म्हणून मी मामाचा चॅनल काढला. ‘मामाचा कॅरम’. मामा फटके समजावून सांगायचा, मी मोबाइल धरायचो. बघणारे तीन. आई, मामी आणि मी. मामी आवाज बंद करून बघायची. आवाज घरात फुकट आहे म्हणायची.

कॅरम बघणारी माणसं जगात नव्हती असं नाही. ती सगळी एका ठिकाणी बसली होती. ‘स्ट्रायकर कट्टा’ नावाचा फेसबुकवरचा ग्रुप. चंद्रपूरपासून बेळगावपर्यंतची हजारो माणसं तिथे एका फटक्यावरून आठवडाभर भांडायची. पण कट्ट्याचे ॲडमिन होते नाशिकचे सबनीस सर, निवृत्त मुख्याध्यापक, आणि त्यांचा नियम चौथा असा होता: ‘कोणीही स्वतःच्या चॅनलची जाहिरात करू नये. दुवा टाकू नये. निधनवार्ता अपवाद.’

पहिल्यांदा मी लिहिलं, “मित्रांनो, मला सहज एक सुंदर व्हिडिओ सापडला.” सबनीस सरांनी खाली लिहिलं, “स्वतःच्या खिशातून काढलेली वस्तू सापडली असे म्हणू नये.”

मग मी कुमारी प्राजक्ता नावाचं खातं उघडलं. कुमारी प्राजक्ताला मामाचे फटके फार आवडायचे. सरांनी लिहिलं, “कुमारी प्राजक्ता यांचा फोटो मी गेल्या वर्षीच्या एका दिनदर्शिकेवर पाहिला आहे. पुढच्या वेळी आपणा दोघांनाही नारळ.”

म्हणजे एकच फटका उरला होता.

खंडेनवमीला मामाने शस्त्र म्हणून कॅरमचीच पूजा केली. बोर्डाला झेंडूची माळ, स्ट्रायकरला हळदकुंकू. त्या दिवशीचा व्हिडिओ असा होता, की मामा पहिल्याच फटक्यात राणी घ्यायला जातो आणि स्ट्रायकर उडून मामीच्या नैवेद्याच्या वाटीत पडतो. चांगला झाला होता. मुखपृष्ठासाठी मी मामाचा फोटो घेतला, हात जोडलेला, नजर किंचित वर. सदरा पोपटी होता आणि मागचा पडदा जांभळा, त्यामुळे मामा कीटकनाशकाच्या जाहिरातीतला वाटत होता. म्हणून फोटो काळा-पांढरा केला. झेंडूची माळ तेवढी पिवळी ठेवली. फोनमध्ये तशी सोय होती.

शीर्षक लिहिताना मामी मागे उभी होती. मी लिहिलं, ‘मामा गेला राणी आणायला आणि पुढे जे झालं’. मामी म्हणाली, “चॅनलवर तरी अहोजाहो कर. परकी माणसं बघतात.” मी ‘गेला’चं ‘गेले’ केलं. आयुष्यात पहिल्यांदा मामाला आदरार्थी बहुवचन लावलं आणि त्यातच तो मेला.

कारण कट्ट्यावर मी नुसती लिंक टाकली. वर शब्द नाही, विनंती नाही. म्हटलं, बोललोच नाही तर जाहिरात कशी म्हणतील? आणि लिंकखाली शीर्षक मावलं नाही. काळा-पांढरा मामा, पिवळी माळ, आणि खाली एवढंच: ‘मामा गेले…’

सबनीस सरांनी पहिली प्रतिक्रिया लिहिली. “भावपूर्ण श्रद्धांजली. कट्टा पोरका झाला.” आणि माझी लिंक सगळ्यांच्या वर टाचून ठेवली. सर म्हणाले म्हटल्यावर पुढच्यांना फक्त ते उचलून खाली चिकटवायचं होतं. सकाळी उठलो तर श्रद्धांजल्यांची रांग लागली होती. काही जणांनी चक्क व्हिडिओसुद्धा बघितला. त्यात मामा नैवेद्याच्या वाटीतून स्ट्रायकर काढून चाटताना दिसतो. खाली एकाने लिहिलं होतं, “अजून आपल्यातच आहेत असं वाटतं.”

वर्षभरात मिळाले नव्हते एवढे सबस्क्रायबर रात्रीत मिळाले होते. मामाला उठवून मी दोन्ही बातम्या एकदम दिल्या.

“अहो!” मामी स्वयंपाकघरातून फोन घेऊनच बाहेर आली. “वन्संचा फोन. रडतायत. मी सांगितलं, शेंगा खातायत, तर आणखीनच रडायला लागल्या. म्हणतात वहिनीला धक्का बसलाय.”

मामाने फोन घेतला. “ताई, मी बोलतोय. अगं मी. अनंता. नाही, वरून नाही, मिरजेतून.” मग बराच वेळ तो नुसतं हं हं करत राहिला. फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाला, “तुझी आई म्हणते, निनादला म्हणावं आता इथं येऊ नकोस, मी झाडू घेऊन बसलेय.”

मामी माझ्याकडे वळली. “माझं कुंकू काय तुझ्या चॅनलवर लावायला ठेवलंय?”

“मामी, मी आत्ता दुरुस्त करतो.”

“थांब म्हटलं ना,” मामा म्हणाला.

“कशासाठी थांबायचं?” मामीने विचारलं.

मामा बोटाने पडदा सरकवत राहिला. नावं वाचायची, सोडून द्यायची. तेव्हा मला कळलं की तो श्रद्धांजली वाचतच नव्हता. तो शोधत होता.

“येशा असतो का रे यात?” त्याने विचारलं. विचारताना शेंगेकडे बघत होता.

मामीने पदराने हात पुसले. “जेवायच्या आत जिवंत व्हा,” एवढंच म्हणाली आणि आत गेली.

येशा म्हणजे यशवंत बेडगे. मामाचा डबल्सचा जोडीदार. जोडीदार कॅरमला समोरासमोर बसतात, आणि हे दोघं तरुणपणापासून तसे बसले होते. मग जिल्ह्याची फायनल आली. शेवटच्या डावात मामाने राणी घेतली. राणी घेतल्यावर लगेच आपली एक सोंगटी घालावी लागते, तरच राणी आपली. मामाने ती सोंगटी घातली. टाळ्या पडल्या. तेवढ्यात समोरून येशा पंचांना म्हणाला, “हा खुर्चीवरून उठला होता.”

फटका मारताना खुर्चीवरून उठायचं नसतं. पंचांनी बघितलं नव्हतं, विरोधकांनीही बघितलं नव्हतं. जोडीदाराने बघितलं. राणी परत मधोमध गेली आणि डाव गेला.

मामा म्हणत राहिला, उठलो नव्हतो. येशा म्हणत राहिला, उठला होतास. मग दोघं काहीच म्हणेनासे झाले. पुढे येशाकाका मुलाकडे बेळगावला राहायला गेले. एका माणसाचं ढुंगण खुर्चीला टेकलेलं होतं की नव्हतं, एवढ्या प्रश्नावर दोन घरांचं लग्नकार्याचं जाणं-येणं बंद झालं होतं. मी त्यांना कधी बघितलंही नव्हतं. या घरात येशा हे नाव अर्धंच घेतलं जायचं.

“त्याला कळलं तर काय लिहील ते बघायचंय?” मी विचारलं.

“बघायचं काय त्यात? लिहील की. मेलेल्याबद्दल सगळेच लिहितात.” मामाने एक शेंग फोडली. आत दाणाच नव्हता. “नाही लिहिलं तर नाही. पण मग कळेल तरी.”

माझीही घाई नव्हती. दर थोड्या वेळाने मी दुसऱ्या पडद्यावर सबस्क्रायबर बघून येत होतो. मामा मेलेला राहील तितके ते वाढत होते.

दुपार व्हायच्या आत शेजारच्या कोळेकर वहिनी आल्या. त्यांचा मुलगा कट्ट्यावर होता. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी पिठलं-भात आणला होता. खाली मान घालून दारात उभ्या राहिल्या. दार मामाने उघडलं, पातेलं घेतलं, झाकण उचलून वास घेतला आणि म्हणाला, “लसूण जरा जास्तच, पण झकास.”

“खाऊन घ्या थोडं,” वहिनी डोळ्याला पदर लावत म्हणाल्या. “त्यांना आवडलं असतं.” आणि गेल्या. फाटकापर्यंत गेल्यावर थांबल्या. मग मागे न बघता पळत सुटल्या.

आम्ही पिठलं खात होतो तेव्हा ते आलं. श्वेता बेडगे नावाच्या खात्यावरून. मी वाचून दाखवलं.

“‘सुनेच्या फोनवरून लिहितो आहे. अनंता, त्या दिवशी तू खुर्चीवरून उठला नव्हतास. माझंच चुकलं. मी पंचांना खोटं सांगितलं. हे तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं. गाडीने निघतो आहे. मी येईपर्यंत नेऊ नका. यशवंत.’”

मामाचा घास हातातच राहिला.

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“‘उठला नव्हतास’ असंच आहे?”

“असंच आहे. मामा, तू जिंकलास की! इतक्या वर्षांनी कबूल केलं त्यांनी.”

मामाने घास ताटात ठेवला. पिठल्याकडे बघत तो म्हणाला, “उठलो होतो रे मी.”

आतून येत असलेला भांड्यांचा आवाज थांबला.

“सोंगटी लांब होती,” मामा म्हणाला. “हात पोचत नव्हता. थोडा उठलो. मला वाटलं कुणी बघितलं नाही. हा समोरच होता.” आणि एकदम माझ्यावर ओरडला, “लाव फोन त्याला! सांग मी मेलो नाही म्हणून!”

मी सुनेला निरोप पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं: बाबा तेवढं लिहून लगेच निघाले, ते फोन वापरत नाहीत, तुम्ही कोण, आणि हे काय चाललंय?

बेळगावची गाडी दुपारी येणार होती. मामाने तोच पोपटी सदरा घातला. मामी म्हणाली, दुसरा घाला. मामा म्हणाला, “ओळखू यायला पाहिजे.” मामी म्हणाली, “ओळखू येणारच. मेलेली माणसं कुठं असलं घालतात?”

फलाटावर मामा खांबाला टेकून उभा होता. गाडी आली, माणसं उतरली, आणि शेवटी एक उंच, वाकलेले गृहस्थ उतरले. पांढरा झब्बा, हातात कागदात गुंडाळलेला हार. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मामा खांबामागून पुढे झाला.

येशाकाका थांबले. एका हमालाचा त्यांना धक्का लागला, तरी हलले नाहीत.

“अन्या?”

“येशा.”

“मेलास म्हणे.”

“नाही.”

“असं कसं? सूनबाईनं फोटो दाखवला. माळ होती.”

“खंडेनवमीची होती. ह्या गाढवानं लिंक टाकली,” मामाने मला पुढे ढकललं. “आमच्या ताईचा मुलगा.”

काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. चॅनल, नियम चौथा, शीर्षक लांब होतं ते कापलं गेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “टाकण्याआधी दिसत नाही का रे, कसं दिसणार ते?”

“नाही,” मी म्हणालो.

दिसतं. बटणाच्या अगदी वर दिसतं. माळ, फोटो, ‘मामा गेले…’, सगळं.

काकांनी हाराचा कागद सोडला. आता आणलाच आहे, असं म्हणून हार मामाच्या गळ्यात घातला. शेजारून जाणाऱ्या एका बाईंनी मुलीला सांगितलं, “कुणीतरी मोठे दिसतायत.” मुलीने मामाला नमस्कार केला. मामाने आशीर्वाद दिला आणि रडायला लागला.

“उठलो होतो मी, येशा.”

“मला काय सांगतोस? मी समोर बसलो होतो.”

“मग तसं का लिहिलंस?”

“मेलेल्या माणसाशी काय भांडायचं?” काका म्हणाले. “म्हटलं, जाऊ दे घेऊन. येवढं काय, एक फायनल.”

“आणि आता?”

“आता जिवंत आहेस तर परत घेतो. उठला होतास. चांगला वीतभर.”

“वीतभर? अरे बोटभर.”

“वीतभर. खालून खिडकी दिसत होती मला.”

“खिडकी त्या बाजूला नव्हतीच!”

स्टेशनबाहेर रिक्षा ठरवेपर्यंत ते भांडत होते. रिक्षात बसल्यावरही. मी पुढे रिक्षावाल्याशेजारी बसलो होतो. त्याने मला हळूच विचारलं, “भाऊ आहेत का?” मी म्हणालो, “जोडीदार.” घरी मामीने काकांना बघितलं आणि काही न बोलता चहात साखर कमी घातली. इतक्या वर्षांनी तिला ते लक्षात होतं.

संध्याकाळी कट्ट्यावर मी खुलासा लिहिला. मला वाटलं होतं आता नारळ. पण सबनीस सरांनी लिहिलं, “दिवंगत सदस्य हयात असल्याचे कळवण्यास आनंद होतो. माझी श्रद्धांजली मी मागे घेत नाही, राखून ठेवतो. नियम चौथा यापुढे मामांना लागू नाही.” हजारो माणसं हसली. खाली मी दोघांच्या डावाचा व्हिडिओ टाकला. शीर्षक दिलं, ‘मामा गेले येशाला आणायला’. त्यात मामा फटका मारतो आणि काका वाकून त्याच्या खुर्चीखाली बघतात. तो व्हिडिओ धावला. धावला म्हणजे असा, की आईने झाडू खाली ठेवला.

मग तेच आमचं नाव झालं. ‘मामा गेले बेळगावला’. ‘मामा गेले दात काढायला’. ‘मामा गेले तेल लावत’, हा मालिशवाल्याकडचा होता. प्रत्येक वेळी कट्ट्यावर लिंक पडली की पहिली प्रतिक्रिया सबनीस सरांची: भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली सगळ्यांचे हसरे चेहरे. घोरपड्यांनी एकदा लिहिलं, “मामा, माझी पावडर वर घेऊन जाऊ नका.” मामा ते वाचून खुर्चीवरून पडायचा राहिला. येशाकाका महिन्यातून एकदा यायचे. मामाने त्यांना एक साधा फोन घेऊन दिला होता, आणि रोज सकाळी दोघं त्यावर वीतभर की बोटभर करायचे.

एकदा शूटिंग आटोपल्यावर मामा स्ट्रायकर पुसत म्हणाला, “निन्या, ते ‘गेले’ आता बदल.”

“का रे? मस्त चाललंय की.”

“चाललंय रे. पण माणसांचे कान मरतात. उद्या खरंच काही झालं तर?”

“तू कुठं जातोस!” मी म्हणालो. “आणि शीर्षक बदललं तर लोक ओळखणार नाहीत, मामा. ब्रँड आहे तो.”

“ब्रँड,” मामा म्हणाला. त्याने स्ट्रायकर डबीत ठेवला. नंतर आणखी एकदा त्याने हा विषय काढला होता, तेव्हा मी व्हिडिओ कापत होतो आणि कानात वायर होती. हं म्हणालो.

तीन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, मामा जेवून आडवा झाला. चहाच्या वेळेला मामीने त्याला हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली. मग मला मारली.

डॉक्टर येऊन गेले. आई सांगलीहून निघाली. नातेवाइकांना मी एकेक करून फोन केले, तेव्हा पहिल्याच फोनवर चुलतभाऊ म्हणाला, “हो का? आता कुठं गेले?” मला त्याला शपथ घालावी लागली. कट्ट्यावरच्या माणसांचे नंबर माझ्याकडे नव्हते. म्हणून तिथे लिहिलं. लिंक नाही, फोटो नाही.

‘मामा गेले.’

सबनीस सरांची श्रद्धांजली आली, नेहमीसारखी. खाली हसरे चेहरे. चंद्रपूरच्या एकाने लिहिलं, “कुठे?” दुसऱ्याने लिहिलं, “लिंक विसरलात.” मी लिहिलं, ‘खरंच गेले.’ त्यावर आणखी हसरे चेहरे आले. घोरपड्यांनी लिहिलं, “पावडर!”

येशाकाकांना फोन करायचं मी पुढे ढकलत होतो. शेवटी त्यांचाच आला. सुनेने कट्ट्यावरचं वाचून दाखवलं असणार.

“काय रे निन्या,” काकांचा आवाज खुशीत होता. “आज कुठं गेलाय तुझा मामा?”

“काका,” मी म्हणालो.

“यावेळी मी हार आणणार नाही हां, सांगून ठेव त्याला. दे बघू फोन. सकाळी अर्ध्यात तोडलं त्यानं, वीतभर म्हटल्यावर.”

“काका, मामा…”

“झोपलाय होय अजून? या वेळेला? उठव की त्याला. म्हणावं, येशा आहे.”

मी मामाच्या खोलीच्या दारात उभा होतो. मामी त्याच्या उशाशी बसली होती. पोपटी सदरा खुंटीला होता. काका पलीकडून वाट बघत होते. मला वाटलं, अजून थोडा वेळ त्यांना तसंच वाट बघू द्यावं.

“काय झालं रे? उठला का?”

“नाही, काका,” मी म्हणालो. “नाही उठला.”

फोनवर बेळगावच्या पंख्याचा आवाज येत होता. 

“मी येईपर्यंत नेऊ नका,” ते म्हणाले.